गच्चीवर डिश एकच असू दे, पण स्प्लिटर लावून नको

संपादक साहेब, नमस्कार.

डोंबिवलीत कुठल्याही बिल्डिंगकडे मान वर करून बघा, ग्रिलला डिश, कठड्याला डिश, पाण्याच्या टाकीला डिश, त्यातल्या बऱ्याच तर गंजून लटकतायत कारण भाडेकरू कधीच सोडून गेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतो तेव्हा कोणीतरी म्हणतंच, सगळ्यांत मिळून एकच डिश लावू. हे म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. पण पुढे काम ज्या पद्धतीने होतं ते बघून जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

होतं काय, इलेक्ट्रिशियन येतो, केबलवाल्यांचा स्वस्तातला स्प्लिटर लावतो, एका वायरच्या चार करतो आणि जातो. मग वरच्यांनी चॅनल बदललं की खालच्यांकडे "नो सिग्नल". लोकांना वाटतं बॉक्स खराब झाला किंवा शेजारी मुद्दाम करतोय, आणि भांडणं सुरू. खरं कारण असं आहे की सेट टॉप बॉक्स त्याच वायरमधून वर डिशच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोर सिग्नल पकडणाऱ्या डबीला, व्होल्टेज पाठवतो. चॅनल उभ्या (व्हर्टिकल) आणि आडव्या (हॉरिझॉन्टल) अशा दोन प्रकारच्या लहरींवर येतात, 13 व्होल्ट म्हणजे व्हर्टिकल चॅनल दे, 18 म्हणजे हॉरिझॉन्टल दे, आणि वरचा बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचे चॅनल, हवा असेल तर सोबत 22 किलोहर्ट्झचा टोन. एका तोंडाचा, म्हणजे एकच वायर निघणारा एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकणार. दोघांनी एकदम मागितलं तर 18 वाल्याची सरशी, 13 वाल्याचा पडदा काळा. त्यात केबलचा स्प्लिटर साधारण 1000 मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि डिशच्या वायरमधून 950 ते 2150 पर्यंतचा सिग्नल येतो, म्हणजे बराचसा तिथेच मरतो. शिवाय वायरचे दोन फाटे केले की सिग्नलची ताकद निम्मी, मग आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की टीव्ही बंदच समजा.

घरात दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा ट्विन एलएनबी, चार असतील तर चार तोंडांचा क्वाड घ्या आणि प्रत्येक टीव्हीला एलएनबीपासून स्वतंत्र आरजी-6 वायर ओढा. बिल्डिंगसाठी मात्र क्वाट्रो एलएनबी आणि मल्टीस्विच लागतो, क्वाट्रोच्या चार वायर मल्टीस्विचमध्ये जातात आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला आपापली लाईन, कोणी काहीही बघा, दुसऱ्याला त्रास नाही. दुकानात क्वाड आणि क्वाट्रोची हमखास अदलाबदल होते, ते नीट बघून घ्या, क्वाट्रोच्या प्रत्येक तोंडातून ठरलेलाच एक भाग येतो, म्हणून त्याला थेट बॉक्स जोडून चालत नाही. आपली कंपनी कुठल्या बँडवर आहे तेही आधी विचारा. अर्थिंग विसरू नका, गच्चीवरचं काम आहे.

बहुतेक कंपन्यांचे सॅटेलाईट वेगवेगळ्या जागी, दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-15 तर 93.5 अंश पूर्वेला, त्यामुळे अगदी एक नाही तर कंपनीमागे एक डिश लागेल, तरी पण भिंती मोकळ्या होतील. शिवाय मुंबईकडून हे सगळे सॅटेलाईट पूर्व आणि दक्षिण यांच्या मधेच कुठेतरी येतात. ज्यांच्या खिडक्या फक्त पश्चिमेला किंवा उत्तरेला आहेत त्यांनी ग्रिलला कितीही डिश लावली तरी उपयोग शून्य, त्यांना गच्चीशिवाय मार्गच नाही. त्यांना "गच्चीवर जागा नाही" म्हणून सांगणाऱ्या कमिट्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि हो, डिश शेअर केली म्हणजे रिचार्ज शेअर झाला असं नाही. पे चॅनलसाठी प्रत्येक बॉक्सचं सबस्क्रिप्शन वेगळं, घरात दुसरा टीव्ही असेल तर मल्टी टीव्ही कनेक्शन घ्यावं लागतं. यात चोरीचा काही प्रश्नच नाही, हे घाबरणाऱ्या सेक्रेटरींना सांगायला हवं.

सध्या आमच्याकडे जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. तिथल्या सभासदांना कळकळीने सांगणं, बिल्डरशी बोलणी चालू असतानाच गच्चीपासून प्रत्येक फ्लॅटच्या हॉल आणि बेडरूमपर्यंत डिशच्या वायरसाठी वेगळा पाईप लिहून घ्या. पझेशन झाल्यावर भिंती फोडून वायर खाली उतरवायला कोणी तयार होत नाही.

– एक वाचक, डोंबिवली