थांबायच्या रस्त्याविषयी

दापोडी, पुणे
१२ मार्च २०२४

चि. बाळ हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू कॅलिफोर्नियातल्या नव्या नोकरीची बातमी दिलीस आणि बोलण्याच्या ओघात, तुझी मस्टँग गाडीही सोबत येणार असून उन्हाळ्यात ती सोनोमाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, उतरवणार असल्याचे सांगितलेस. मी गप्प राहिलो म्हणून तुला राग आला, असे आई म्हणते. मला एवढेच विचारायचे होते, की पाव मैल संपल्यानंतरचा रस्ता तिथे चढाचा आहे का?

हा प्रश्न मला, आम्ही तुझी शर्यत पाहिली त्या २०२२ च्या जुलैपासून सुचतो आहे. डेनव्हरजवळच्या बँडिमिअरचा तो ट्रॅक ५,८०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच आहे, हे तू मला कौतुकाने सांगत होतीस, आणि मला मात्र कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर धाप लागून बसलेली नऊ वर्षांची तू आठवत होतीस. गाडीचीही तीच गत होते. हजार फुटांमागे इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद विरळ हवा खाऊन टाकते, आणि त्या दिवशीच्या उन्हात तर इंजिनाला आपण नऊ हजार फुटांवर आहोत असे वाटत असणार.

त्या शर्यतीचा नियम मला तेव्हा नीट समजला नव्हता. पाव मैलाला लागेल अशी आपली अपेक्षित वेळ तू गाडीच्या काचेवर १३.९० सेकंद लिहिली होतीस, शेजारच्याने १२.४०, म्हणून तुला दीड सेकंद आधी हिरवा दिवा मिळाला. शेवटच्या क्षणी त्याची गाडी तुझ्या पुढे गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. मग फलकावर त्याची वेळ १२.३८ उमटली. स्वतः लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचल्यामुळे तो बाद झाला होता आणि १३.९२ वाली माझी मुलगी आयुष्यातली पहिली शर्यत जिंकली होती. आई रडली, मी ऊन लागल्याचे कारण सांगून टोपी डोळ्यांवर ओढली.

पण खरे सांगायचे तर, त्या वेळी मी फलकाकडे थोडाच वेळ पाहिले. मी पाहत होतो तो पुढचा रस्ता. डोंगराच्या कुशीतला तो चढ तुझी गाडी अलगद झेलत होता आणि ब्रेकचे निम्मे काम करत होता. एकतीस वर्षे एसटीच्या कार्यशाळेत मी ब्रेकच पाहिले. गाडी पळवणारे पुष्कळ भेटले, थांबवण्याचा विचार करणारे थोडे.

आता समुद्राजवळच्या दाट हवेत हीच गाडी पाव मैलाच्या शेवटी ताशी १५८ ऐवजी १६८ किलोमीटरने जाईल. तुला दहा किलोमीटर क्षुल्लक वाटतील, परंतु ब्रेकला पचवावी लागणारी उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे तेरा टक्के अधिक. कार्ब्युरेटरला डेनव्हरच्या विरळ हवेसाठी लावलेले बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छिद्रे, हीही बदलावी लागतील, नाहीतर पेट्रोल अपुरे पडून इंजिन तापेल. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू नकोस. हार्नेस, म्हणजे सीटचे पट्टे, स्वतः तपासत जा. दुसऱ्याने तपासले म्हणून…

पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला. तू स्वतः इंजिनिअर आहेस आणि यातले बहुतेक मला तूच शिकवले आहेस. क्षमा कर. दादाच्या राजदूतनंतर मी असाच झालो, हे तुला ठाऊक आहे. लुनाची किल्ली तुझ्यापासून दोन वर्षे लपवली, ती काही तुझ्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात असते हे तुला पहिल्या आठवड्यातच समजले होते, असे आईने मला परवा सांगितले.

१९५८ पासूनचा तो ट्रॅक गेल्या वर्षी बंद झाला, तेव्हा मलाच तुझ्यापेक्षा अधिक वाईट वाटले असावे. फलकासमोरचा तुझा फोटो मी फ्रेम करून घेतला आहे. त्यात तू उजव्या कोपऱ्यात आहेस आणि मागे तो चढाचा रस्ता दिसतो. दुकानदार कोपरा कापतो म्हणाला, मी कापू दिला नाही.

सोनोमाला नुसते पाहायला एकदा जाऊन ये, आणि शेवटच्या रस्त्याचे तेवढे कळव.

तुझे,
बाबा

ता. क. पुढच्या ब्रेक पॅडची जाडी मोजशील ती मिलिमीटरमध्ये लिही. इंचांचे अपूर्णांक आता डोक्यात राहत नाहीत.