समासातल्या पेन्सिलीचे जाहीर आभार

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

गणेशोत्सवातल्या क्विझसाठी काढलेले बेसबॉलचे ६० प्रश्न तुम्ही तपासून परत पाठवलेत. १९ प्रश्नांवर काट, आणखी ११ प्रश्नांपुढे प्रश्नचिन्ह, आणि समासात बारीक टोकाच्या पेन्सिलीने लिहिलेले शेरे. त्यांचे आभार चारचौघांत मानतोय, कारण बेसबॉलच्या समालोचकांवर जो कोणी प्रश्न काढायला बसेल, तो याच खड्ड्यांत पडणार आहे.

सगळ्यात खोल खड्डा प्रश्न ७ चा. ३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, नववी इनिंग. राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर बॉबी थॉमसनचा होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका), आणि जायंट्सनी डॉजर्सना ५-४ असं हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं. आम्ही विचारलं होतं, ‘या होम रनचं समालोचन कोणी केलं?’ उत्तर लिहिलं होतं रस हॉजेस. तुम्ही समासात दोनच शब्द लिहिलेत: ‘कशावर? कोणाकडून?’

आणि त्या दोन शब्दांनी प्रश्न उलगडून पडला. हॉजेस जायंट्सच्या रेडिओवर, म्हणजे डब्ल्यूएमसीएवर होता. त्याच क्षणी डॉजर्सच्या रेडिओवर रेड बार्बर बोलत होता, लिबर्टी नेटवर्कवरून गॉर्डन मॅक्लेंडन देशभर ऐकू जात होता आणि एनबीसीच्या टीव्हीवर हॉजेसचाच जोडीदार अर्नी हार्वेल होता. म्हणजे इंग्रजीतच निदान चार बरोबर उत्तरं. चुरशीच्या फेरीत एखाद्या संघाने ‘हार्वेल’ म्हटलं असतं आणि आम्ही शून्य दिलं असतं, तर मंडपात भांडण ठरलेलं. मग सगळ्यांना हॉजेसच का आठवतो? एका श्रोत्याच्या घरी ते प्रक्षेपण टेपवर घेतलं गेलं होतं म्हणून. ‘जायंट्स जिंकले’ हे त्याचं लागोपाठ चार वेळा ओरडणं आपण आज ऐकतो ते त्या टेपमुळे. टीव्हीवरचे सामने तेव्हा जपून ठेवत नसत, त्यामुळे हार्वेलचं बोलणं हवेत गेलं ते गेलंच. सुधारलेला प्रश्न आता असा आहे: ‘...त्या दिवशी जायंट्सच्या रेडिओ प्रक्षेपणावर कोणाचा आवाज होता?’

हीच मात्रा तुम्ही आणखी दोन प्रश्नांना दिलीत. १५ ऑक्टोबर १९८८, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना: दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि डेनिस एकर्स्लीला होम रन मारून गेला. एनबीसीच्या टीव्हीवर विन स्कली, सीबीएस रेडिओवर जॅक बक, डॉजर्सच्या रेडिओवर डॉन ड्रायस्डेल. (हाही सामना ५-४ असाच सुटला. आकडा सारखा आहे म्हणून गोंधळू नका, हा शेरा लाल रेघेसकट पोचला.) दुसरा हँक आरनचा ७१५ वा होम रन, ८ एप्रिल १९७४, अटलांटा: ब्रेव्ह्जच्या रेडिओवर मायलो हॅमिल्टन, एनबीसीवर कर्ट गाउडी, डॉजर्सच्या श्रोत्यांसाठी स्कली. तारीख, माध्यम आणि कोणाचं प्रक्षेपण हे तिन्ही लिहिल्याशिवाय ‘आवाज कोणाचा’ हा प्रश्नच होत नाही, हे आता पक्कं बसलं.

‘पहिला’ या शब्दावर तर तुमचा रागच दिसला. ‘बेसबॉलचं पहिलं प्रक्षेपण’ असं आम्ही मोघम लिहिलं होतं, तुम्ही मध्ये ‘मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) सामन्याचं, रेडिओवरून’ घुसवलंत. ५ ऑगस्ट १९२१, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, केडीकेए हे केंद्र. वेस्टिंगहाउस कंपनीतला हॅरल्ड आर्लिन होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागे, बसून टेलिफोनचाच मायक्रोफोन करून बोलला. पायरेट्स ८, फिलीज ५. टीव्हीच्या बाबतीत तर दोन ‘पहिले’ एकाच वर्षात आहेत. १७ मे १९३९ ला प्रिन्स्टन विरुद्ध कोलंबिया हा कॉलेजचा सामना, समालोचक बिल स्टर्न. २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून डॉजर्स आणि सिनसिनाटी रेड्स, समालोचक रेड बार्बर. प्रश्नात ‘मेजर लीग’ नसेल तर स्टर्न बरोबर, असेल तर बार्बर.

तिथेच तुम्ही जाता जाता एक जोड दिलीत, तिच्यावरून आम्ही नवा प्रश्न केला. बार्बर १९३९ मध्येच ब्रुकलिनला का आला? कारण १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी आपले सामने रेडिओवर द्यायचे नाहीत असा आपसात करार केला होता. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, ही भीती. डॉजर्सच्या लॅरी मॅकफेलने तो करार पुढे चालवायला नकार दिला आणि बार्बरला सिनसिनाटीहून बोलावून घेतलं.

१९२१ च्या वर्ल्ड सिरीजचा प्रश्न तुम्ही पूर्ण काटलात, आणि योग्यच केलंत. नूअर्कच्या डब्ल्यूजेझेडवर टॉमी कॉवनचा आवाज होता, पण त्याने मैदान पाहिलंच नव्हतं. मैदानातून एक बातमीदार फोनवर सांगे, कॉवन तेच माइकवर म्हणे. त्याच वेळी केडीकेएसाठी ग्रँटलंड राइस मात्र मैदानातून बोलत होता. तुमचा शेरा: ‘एकाने पाहून सांगितलं, दुसऱ्याने ऐकून. प्रश्नात फरक करा.’ पुढे ऐकून सांगण्याचा तर धंदाच झाला. तारेवरून त्रोटक खुणा येत, स्टुडिओत बसलेला माणूस त्यांचा सामना करून सांगे, लाकडावर टिचकी मारली की बॅटचा आवाज. रोनाल्ड रेगन आयोवात शिकागो कब्जचे सामने असेच सांगायचे. त्यांनीच पुढे सांगितलेल्या किश्शात मध्येच तार बंद पडली आणि त्यांनी बिली जर्जेसला एकामागून एक फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारत ठेवलं, कारण फाउलची नोंद स्कोअरमध्ये कुठे सापडत नाही. हा प्रश्न तुम्ही ‘रेगन यांच्या सांगण्यानुसार’ एवढे शब्द घालून वाचवलात.

हॉल ऑफ फेमची, म्हणजे कूपर्सटाउन गावातल्या बेसबॉलच्या मानाच्या संग्रहालयाची, चूक मात्र आमच्या एकट्याची नाही, भलेभले करतात. ‘हॉल ऑफ फेममध्ये गेलेले पहिले समालोचक’ याचं उत्तर आम्ही बार्बर आणि मेल अ‍ॅलन दिलं होतं. दोघांना १९७८ मध्ये मिळाला तो समालोचकांसाठीचा फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार. कूपर्सटाउनला त्या मानकऱ्यांची नावं लागतात ती वेगळ्या दालनात. खेळाडूंच्या कांस्य पाट्यांच्या रांगेत नाही, आणि त्यांना सभासदही मानत नाहीत. मग ड्रायस्डेल? तो १९८४ मध्ये आत गेला तो पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून, माइकमुळे नव्हे. आता शब्द ‘फ्रिक पुरस्काराचे पहिले मानकरी’ असे आहेत.

ज्या प्रश्नावर तुम्ही नुसती बरोबरची खूण न करता दोन खुणा केल्यात, तो हार्वेलचा. १९४८ मध्ये बार्बर अल्सरने आजारी पडला. डॉजर्सच्या ब्रँच रिकीला अटलांटा क्रॅकर्स या संघाकडचा हार्वेल हवा होता, अटलांटाला कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) हवा होता. सौदा झाला: समालोचकाच्या बदल्यात क्लिफ डॅपर. डॅपर मेजर लीगमध्ये १९४२ साली अवघे आठ सामने खेळला, १७ वेळा बॅटिंग करून आठ हिट. सरासरी .४७१, आणि तरी लोकांच्या लक्षात राहिला तो या अदलाबदलीमुळे. याहून चांगला क्विझचा प्रश्न बेसबॉलमध्ये क्वचितच असेल.

स्कोअरकार्डावर खेळाडूंच्या जागा आकड्यांनी लिहितात, त्याचं कोष्टक तुम्ही वेगळ्या कागदावर आखून दिलंत, ते तर झेरॉक्स काढून वाटणार आहोत. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे ७, ८, ९. सगळे चुकतात ते शॉर्टस्टॉपला: तो उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, म्हणून ओळीने मोजणारा त्याला ५ देऊन मोकळा होतो. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला, दोघे बाद: ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) ‘के’, कारण ‘स्ट्रक’चं शेवटचं अक्षर. बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. ही अक्षराची खूण हेन्री चॅडविकची. तो इंग्लंडात जन्मला आणि बेसबॉलकडे वळण्याआधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, हे वाचून मंडपातल्या क्रिकेटवाल्यांना बरं वाटेल.

प्रश्न वाचणाऱ्यांसाठी तुम्ही सुचवलेली वाळूची घड्याळ आणली आहे. बार्बर माइकशेजारी तीन मिनिटांची ठेवायचा. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटायचा. ट्रान्झिस्टरवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं समालोचन ऐकलेल्या घरांना यामागचं कारण समजवावं लागणार नाही. मध्येच रेडिओ लावणारा पहिलं विचारतो ते ‘किती झाले?’

सुधारलेला संच सोबत आहे. प्रश्न ४१ नवा घातलाय: ‘८ ऑक्टोबर १९५६, वर्ल्ड सिरीजमधली डॉन लार्सनची परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना). शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा एनबीसीच्या टीव्हीवर कोण बोलत होतं?’ उत्तर स्कली, कारण पहिला अर्धा सामना अ‍ॅलनने सांगितला होता. रेडिओवर त्या वेळी बॉब वुल्फ. तारीख, माध्यम, क्षण, तिन्ही लिहिलंय. तरी एकदा पेन्सिल फिरवून शुक्रवारपर्यंत परत पाठवा, शनिवारी छापायला द्यायचंय.

आपले नम्र,
प्रश्न काढणारी मंडळी