विडीला लॉगबुक, शिलाईला काहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडायच्या सुमाराला सोलापूरच्या गणवेश उद्योगाचं कौतुक पेपरात छापून येतं. मी गेली सोळा वर्षं हेच गणवेश शिवते, त्यामुळे वाचून बरं वाटतं. पण त्यात शिवणारी बाई कधी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

माझी अम्मा विड्या वळायची. (घरात आम्ही तेलुगू बोलतो, माझी शाळा मराठीत झाली.) हजार विड्यांवर मजुरी. मोजताना विड्या बाद केल्या की पैसे कापले जायचे. त्या कामात तिची पाठ गेली, तंबाखूने खोकला कायमचा बसला. ते काम चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तिच्याकडे ओळखपत्र होतं, केलेल्या कामाची नोंद ठेवायचं लॉगबुक होतं. विडी कामगारांसाठी 1966 साली वेगळा कायदा झाला, 1977 मध्ये प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे त्यातलं हातात पडत गेलं. अम्माच्या कार्डावर मला शाळेत शिष्यवृत्ती मिळाली, आज तिला हजारभर रुपये पेन्शन येते. कुंभारीच्या घरकुलातलं आमचं घरसुद्धा ती विडी कामगार होती म्हणून मिळालं.

मी ठरवलं, विडी वळायची नाही. मशीन शिकले.

मी शर्टाला कॉलर बसवते. नगाला पावणेदोन रुपये. सीझनमध्ये सकाळी नऊला बसले की रात्री नऊला उठते, तेव्हा एकशे ऐंशी नग होतात. हिशोब करा, तीनशे पंधरा रुपये. टाका चुकला तर उसवून परत शिवायचं, त्याचे पैसे नाहीत. नगावर काम असलं तरी किमान वेतन सुटलंच पाहिजे असं कायदा म्हणतो, पण आमचे तास कुठे लिहिलेलेच नाहीत. वर पत्रा, बाजूला इस्त्रीचं टेबल, आणि सोलापूरचा मे महिना. बाथरूम खाली, तेही एकच. उठलं की नग कमी होतात, म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. माझ्या शेजारच्या मुलीला दोनदा मूतखड्याचा त्रास झाला. सीझन संपला की आठवड्यात दोन-तीन दिवसच काम. मग दिवाळीला शेठकडून उचल घ्यायची आणि ती पुढच्या सीझनमध्ये कापून द्यायची. उचल अंगावर असताना दुसरीकडे जाता येत नाही.

विजेवर चालणाऱ्या जागेत वीसपेक्षा कमी कामगार असले तर कारखान्याचे नियम लागत नाहीत. आमच्या शेडमध्ये चौदा मशीन आणि चार हेल्पर. त्याच गल्लीत शेठचे आणखी दोन शेड, तिथेही वीसच्या आतच. माल एक, कटिंग मास्तर एक, पगार वाटणारा माणूस एक. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याला, मात्र दहा कामगार पुरतात. हे मला कधी कळलं? बोटातून सुई आरपार गेली आणि दवाखान्यातल्या बाईने "ईएसआय कार्ड आहे का?" विचारलं तेव्हा. सुईचा तुकडा काढायचे पैसे मीच भरले. त्या आठवड्याची मजुरीही गेली.

18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरचे आणि कामगार मिळून आठ जण गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. आमचा जिना एकच आहे, आणि सीझनमध्ये त्यावर तयार मालाच्या गोण्या असतात. गोण्या आजही तिथेच आहेत.

विडीसारखं शिलाईलाही लॉगबुक द्या, एवढंच मागणं आहे. तारीख, नग, दर, कामाचे तास आणि शेठची सही. कामगार खात्याने तपासणी एप्रिल-मेमध्ये करावी आणि संध्याकाळी सातनंतर यावं, म्हणजे खरी संख्या दिसेल. सरकारी शाळांचे गणवेश 2025-26 पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्या घेतात. त्या समित्यांत पालक असतात. कापड हाताने चोळून बघता, तसं एका शर्टाला शिलाई किती दिली हेही विचारा. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, यंदा मी स्वतः विचारणार आहे.

माझं नाव छापू नये ही विनंती. दिवाळीच्या उचलीतले सहा हजार अजून फिटायचे आहेत.

एक शिलाई कामगार,
कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर