गच्चीवरच्या सोलरची पाहणी : नानास पत्र

चोपडा,
८ मार्च

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आबा, मोबाइलवर रोजचे युनिट दिसतात, मग गच्चीवर चढून पाहायचे तरी काय?" मी तेव्हा बसमध्ये होतो, त्यामुळे नीट उत्तर देता आले नाही. पण ते वाक्य दोन दिवस मनातून गेले नाही, कारण गेल्या दिवाळीपर्यंत मीही हेच म्हणत होतो. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. एकदा सावकाश वाच आणि सूनबाईंनाही वाचायला दे, कारण दिवसभर घरी त्याच असतात.

माझ्याकडे ३३५ वॅटची नऊ पॅनल आहेत, म्हणजे तुझ्याइतकीच, तीन किलोवॅटची यंत्रणा. दिवाळीनंतर एके दिवशी दुपारी तुझी वहिनी गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, वायर जळाल्यासारखा वास येतो आहे. मोबाइल पाहिला तर उत्पादन नेहमीसारखेच होते. इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या पेटीवर, हिरवा दिवा होता आणि कोणतीही सूचना नव्हती. वर जाऊन तिसऱ्या पॅनलखाली वाकून पाहिले. केबल बांधलेली प्लास्टिकची पट्टी उन्हाने कडक होऊन तुटली होती, केबल स्लॅबवर लोळत होती आणि दोन पॅनल जोडणारा काळा कनेक्टर एका बाजूने सुरकुतून करपलेल्या गुळासारखा तपकिरी झाला होता. त्याचे दोन अर्धे दोन वेगळ्या बनावटींचे होते. एकमेकांत बसत होते, पण घट्ट बसत नव्हते. ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांना लगेच फोन केला, तर उत्तर मिळाले, "युनिट पडतात ना काका, मग काळजी कशाची?" नाना, त्या उत्तराचा मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

कारण हिशेब साधा आहे. ऊन भरात असताना या केबलमधून आठ-नऊ अँपिअर प्रवाह वाहतो. सैल जोडाने अर्ध्या ओहमचा अडथळा केला, तरी त्या बोटभर प्लास्टिकच्या तुकड्यात ३२ वॅट किंवा त्याहून अधिक उष्णता ऊन भरात असेतोवर तयार होत राहते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सोल्डरिंगचे, म्हणजे डाख देण्याचे, जे हत्यार असते ते २५ वॅटचे असते आणि तेवढ्याने कथील वितळते. पण तीन हजार वॅटमधून ३२ वॅट गेले तर मोबाइलवर काय दिसणार? ढगाचा एक तुकडा सूर्यावरून सरकला तरी याहून मोठा फरक पडतो. याच्या उलट, धुळीने रोजचा एखादा युनिट सहज कमी होतो, पण त्या धुळीने घर पेटत नाही. आपले पैसे किती वाया जातात हे आकडे सांगतात. घराला धोका आहे की नाही हे ते सांगत नाहीत. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची पाहणीही वेगवेगळी करावी लागते.

कापसाच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षे मोटारी आणि स्टार्टर सांभाळूनही मला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. आपल्या घरातली वीज एसी असते. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कुठे ठिणगी पडलीच तरी ती विझण्याचा संभव असतो. पॅनलकडून इन्व्हर्टरपर्यंत येणारी वीज डीसी असते, म्हणजे न थांबता एकाच दिशेने वाहणारी. आपल्या नऊ पॅनलांच्या माळेत ती साडेतीनशे व्होल्टच्या आसपास असते आणि तिथे एकदा ठिणगीची कमान धरली की ती सहजी विझत नाही. म्हणून यंत्रणा चालू असताना कनेक्टर ओढून काढण्याचे धाडस कोणीही करू नये. आधी एसीकडचा एमसीबी पाडायचा, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडची वीज तोडणारा स्विच, बंद करायचा. त्यानंतरही पॅनलवर ऊन आहे तोवर केबलमध्ये व्होल्टेज असतेच. मी त्या दिवशी याच क्रमाने दोन्ही बंद केले, कशालाही हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाणकार कारागिराला बोलावून दोन्ही अर्धे कापून एकाच बनावटीचे नवे कनेक्टर बसवून घेतले. ते त्याने पकडीने दाबले नाहीत, त्यासाठीच्या खास क्रिंपिंग साधनाने दाबले. तूही हे विचारून आणि डोळ्यांनी पाहून घे. आपले काम डोळ्यांचे आणि नाकाचे आहे, हाताचे नाही.

आता तुझ्या गच्चीवर काय पाहायचे ते सांगतो. पॅनलच्या वरच्या काचेपेक्षा खालची बाजू अधिक बोलते. सकाळी खाली वाकून, लागल्यास टॉर्च घेऊन, पाठीमागचा पांढरा पडदा पाहा. त्यावर तपकिरी डाग किंवा फुगवटा असेल तर तिथली पेशी, म्हणजे वीज तयार करणारा पॅनलमधला छोटा चौकोन, तापते आहे असे समज. कबुतराची विष्ठा काचेवर एकाच जागी वाळून बसली की तिच्याखालची पेशी वीज देण्याऐवजी वीज खाऊ लागते आणि तापते, म्हणून सगळीकडे पसरलेल्या धुळीपेक्षा तो एक डाग अधिक वाईट. केबल कुठेही स्लॅबला टेकलेली नसावी, पत्र्याच्या धारेवर घासत नसावी आणि खारीने कुरतडलेली नसावी. डीसीच्या पेटीत सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, रोखणाऱ्या उपकरणाला छोटी खिडकी असते. ती हिरवी असावी, लाल झाली असेल तर ते बदलायलाच हवे.

अर्थिंगकडे विशेष लक्ष दे. तुझ्या अंगणाची माती काळी आहे. ती वैशाखात भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते, मग तारा जोडलेल्या असूनही अर्थिंग असून नसल्यासारखे होते. तिन्ही खड्ड्यांत, म्हणजे एसी, डीसी आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक या तिन्हींच्या, उन्हाळाभर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालत जा. खड्ड्याचा रोध पाच ओहमच्या आत आहे का, हे वर्षातून एकदा मोजून घे.

स्ट्रक्चरबद्दल जिनिंगमधली एक जुनी सवय तुला देतो. प्रत्येक नट-बोल्ट घट्ट करवून घेतल्यावर त्यावरून आरपार पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेव. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे पान्याशिवाय कळते. मे-जूनमध्ये जे वादळ आपल्याकडे केळीच्या बागा आडव्या करते, तेच पॅनलांच्या खाली शिरून त्यांना वर उचलते. म्हणून हे काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उरकावे आणि प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर त्या रेघा पुन्हा पाहाव्यात.

आता तुझ्या युनिटांविषयी. डिसेंबर-जानेवारीत उत्पादन फारच उतरले असे तू म्हणालास. दिवस लहान असतो हे खरे, पण मला संशय तुझ्या काळ्या टाकीचा आहे. पॅनल बसवण्याआधी तुझ्या गच्चीची पाहणी झाली मे महिन्याच्या अखेरीस. त्या दिवसांत आपल्या भागात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली जवळजवळ नाहीशी होते. पाहणाऱ्याला टाकीची सावली दिसणार कुठून? पण डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास तुमच्या शहाद्यात दुपारीही सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवरच असतो, म्हणजे चौथऱ्यासह सहा फूट उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला सहा फूट पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. तुझी टाकी पॅनलांच्या दक्षिणेला आहे. पॅनल हलवण्यापेक्षा टाकी हलवणे स्वस्त पडेल.

उन्हाळ्यात मात्र घाबरू नकोस. पॅनलवर लिहिलेले वॅट हे पेशीचे तापमान २५ अंश धरून असतात. आपल्याकडे हवा ४४ अंशांवर गेली की पेशी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. भर दुपारी तीन किलोवॅटचे अडीच झाले तर तो बिघाड नाही. लाइट गेली की तुझा इन्व्हर्टर बंद पडतो, तोही दोष नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्याने वाचतो.

धुण्याचे काम सूर्योदयाच्या सुमारास करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये आणि पॅनलवर पाय तर कधीच देऊ नये, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. तुझ्या बोअरचे पाणी जड आहे, ते काचेवर वाळले की क्षाराचा पांढरा थर धरते. टाकीत साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापर आणि मऊ कुंच्याने लगेच निपटून घे. कापसाच्या हंगामानंतर मी पॅनल धुतली तेव्हा लागोपाठच्या दोन निरभ्र दिवसांत साडेदहा युनिटांचे पावणेबारा झाले. असे आकडे वहीत लिहीत जा, म्हणजे किती दिवसांनी धुवायचे ते तुझी वहीच सांगेल.

साक्री तालुक्यात महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. तिथे देखभालीला माणसे नेमलेली असतात. तुला सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले, पण गच्चीवर फेरी मारणारा माणूस त्याबरोबर येत नाही. मला तुझी काळजी वाटते ती एवढ्याचसाठी की तुझी नातवंडे त्याच गच्चीवर खेळतात आणि वहिनी त्याच पॅनलांच्या सावलीत बिबड्यांचे ताट ठेवतात.

मी २० तारखेला सकाळच्या बसने शहाद्याला येतो. टोंग टेस्टर, म्हणजे तारेला चिमटा लावून प्रवाह मोजायचे यंत्र, आणि पिवळा रंग माझ्याकडे आहे. तू शिडी आणि मऊ कुंचा तेवढा काढून ठेव, आणि बसवणाऱ्याने दिलेली कागदपत्रे शोधून ठेव, म्हणजे कनेक्टर कोणत्या बनावटीचे आहेत ते ताडून पाहता येईल. तोपर्यंत वास आला, चरचर आवाज आला किंवा काच तडकलेली दिसली, तर वर न जाता आधी एसी आणि मग डीसी बंद करायला सूनबाईंना शिकवून ठेव. कोणता स्विच कोणता, ते खडूने पेटीवर लिहून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आबा