मशीनआधी शिकवणारा माणूस द्या: कौशल्य विकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरची. आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड केला. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींमधल्या शेडमध्ये एकोणीस वर्षं व्हीएमसी चालवली, म्हणजे उभ्या स्पिंडलचं (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याचं), संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं सीएनसी मिलिंग मशीन. गेली चार वर्षं एका सामायिक वर्कशॉपमध्ये मुलांना तेच शिकवते आहे. आमच्याकडे व्हीएमसी एकच. सकाळी एका संस्थेची बॅच, दुपारी दुसऱ्या संस्थेची, संध्याकाळी छोटे कारखानदार आणि प्रोजेक्टसाठी येणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. एका मशीनला दिवसभरात पंचवीस-तीस हात लागतात. मी लिहिते आहे ते या हातांबद्दल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पीएम-सेतू योजना सुरू केली. ६० हजार कोटी रुपये, देशभरातल्या एक हजार सरकारी आयटीआय, त्यातल्या २०० 'हब' आणि ८०० 'स्पोक'. चांगली मशीनं हबमध्ये बसणार आणि आजूबाजूच्या संस्थांची मुलं तिथे येऊन शिकणार, असा त्याचा अर्थ मी लावते. मला या योजनेचा मनापासून आनंद आहे. आम्ही शिकलो तेव्हा सीएनसी फळ्यावर शिकलो होतो. जी कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, पाठ होते, मशीन पाहिलं नव्हतं. पण हब म्हणजे सामायिक वर्कशॉप, आणि सामायिक वर्कशॉपमध्ये माणसाला इजा कशी होते हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. म्हणून खरेदीच्या निविदा निघण्याआधी माझं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचावं असं वाटलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या बॅचने तीन नंबरच्या टूलचं होल्डर काढून दुसरं, लांब कटरचं लावलं, काम केलं आणि ते तसंच ठेवून मुलं गेली. मशीनच्या ऑफसेटच्या पानावर, म्हणजे पडद्यावर प्रत्येक टूलचं माप भरतात तिथे, लांबी मात्र जुन्याच टूलची राहिली. नवं टूल जुन्यापेक्षा ३८ मिलिमीटर जास्त लांब होतं. दुपारी माझ्या बॅचमधल्या एका मुलीने स्वतःचा प्रोग्रॅम लावला. प्रोग्रॅम बरोबर होता, मी तपासला होता. त्यात लिहिलं होतं की जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, वर २५ मिलिमीटरवर ये आणि थांब. मशीनला टूल आहे त्यापेक्षा आखूड वाटत होतं, त्यामुळे ते २५ मिलिमीटर वर थांबायच्या ऐवजी जॉबमध्ये १३ मिलिमीटर आत शिरलं, तेही रॅपिडमध्ये, म्हणजे कापत नसताना टूल सरकतं त्या सगळ्यात जास्त वेगाने. कार्बाइडचा कटर काचेसारखा फुटला. एक तुकडा तिच्या भुवईला लागला. डोळ्यापासून दीड बोट अंतर. चार टाके पडले.

दार उघडं कसं होतं, हा प्रश्न आपल्या मनात येईल. व्हीएमसीच्या दाराला लॉक असतं, दार उघडं असेल तर सायकल सुरूच होत नाही. पण त्या लॉकची एक जीभ असते, दाराला बसवलेली. तशीच सुटी जीभ कुणीतरी आणून लॉकमध्ये खोचून ठेवली होती. मशीनला दार बंद आहे असं वाटत राहतं. जॉब नीट दिसावा, सेटिंगला वेळ लागू नये, म्हणून हे करतात. मीही शेडमध्ये असताना अशा मशीनवर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी चार पावलांवर, लेथपाशी दुसऱ्या मुलाला शिकवत होते. वीस मुलं, दोन मशीनं आणि शिकवणारी मी एकटी.

त्या मुलीची चूक काय होती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिने प्रोग्रॅम बरोबर लिहिला, जॉब व्हाइसच्या पकडीत नीट बसवला, त्याखालच्या पॅरलल पट्ट्या हातोडीने ठोकून हलत नाहीत ना ते पाहिलं, झिरो, म्हणजे मोजमापाचा सुरुवातीचा बिंदू, घेतला. तिला फक्त एवढं माहीत नव्हतं की आपल्याआधी इथे कुणीतरी होतं. कारखान्यात एक सेटर, म्हणजे टूल आणि जॉब लावून मशीन तयार करणारा कारागीर, आणि एक मशीन असतं. त्याला आपलं टूल कुठलं, काल काय बदललं, सगळं डोक्यात असतं. सामायिक वर्कशॉपमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याने मागे ठेवलेल्या गोष्टींवर काम सुरू करतो. मागच्या माणसाचा ऑफसेट, सैल राहिलेला व्हाइस, उलटा फिरवलेला कूलंटचा नळ. त्यामुळे कारखान्यात जे चालून जातं ते इथे चालत नाही, आणि जे कौशल्य इथे सगळ्यात आधी शिकवायला हवं, ते अभ्यासक्रमात कोपऱ्यात असतं.

त्या घटनेनंतर आम्ही आमची पद्धत बदलली. सांगते, कारण यातलं काहीही महाग नाही.

बॅच संपायच्या आधीची दहा मिनिटं आम्ही मशीन 'रिकामं' करतो. सगळी टूलं काढून रॅकवर, लांबीचे ऑफसेट शून्य, व्हाइस स्वच्छ. पुढच्या मुलांनी पहिल्या टूलपासून स्वतः मोजायचं. वेळ जातो हे खरं आहे, सुरुवातीला मुलं कुरकुरली. दुसरं म्हणजे पहिला जॉब कधीही पूर्ण वेगाने चालवायचा नाही. सिंगल ब्लॉक चालू, म्हणजे एक ओळ झाली की मशीन थांबतं. रॅपिडचा टक्का खाली. एक हात फीड होल्डवर, म्हणजे टूलची चाल थांबवणाऱ्या बटनावर. टूल जॉबजवळ आलं की थांबवायचं, पडद्यावर किती अंतर उरलं आहे ते वाचायचं आणि पट्टी धरून डोळ्याने तेवढं आहे का ते पाहायचं.

टक्का खाली ठेवायला मी का सांगते, त्याचा हिशोब मुलांना फळ्यावर करून दाखवते. आमच्या मशीनची रॅपिड मिनिटाला ३० मीटर आहे, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. चूक डोळ्याला दिसून बोटाने बटन दाबेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात टूल बारा सेंटिमीटर खाली आलेलं असतं. टक्का पाचवर असेल तर त्याच पाव सेकंदात ते सहा मिलिमीटर येतं. मुलं हे गणित एकदा स्वतः करतात आणि मग परत सांगावं लागत नाही.

आणि हातमोजे. बाहेरून येणारे पाहुणे, कधी संस्थेचे अधिकारीसुद्धा, मुलांना हातमोजे का दिले नाहीत म्हणून विचारतात. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा म्हणजे हात आत ओढून घेणारी गोष्ट. कापडाचा धागा कटरला लागला की बोट सोडवायला वेळ मिळत नाही. स्टीलच्या चिप्स निळ्या, वेटोळ्या, पात्यासारख्या धारदार असतात, त्या स्पिंडल पूर्ण थांबल्यावर ब्रशने किंवा आकड्याने काढायच्या. हाताने नाही, आणि एअर गनने हवा मारूनही नाही, कारण त्या समोरच्याच्या डोळ्यात जातात. ओढणी, सैल बाही, अंगठी, मोकळी वेणी, हातातला गंडा, सगळं बाहेर. मुलींना हे सांगताना मी माझीच वेणी बांधून दाखवते. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ आम्ही घेतो, ती घ्यावीच. पण हे बारकावे शपथेतून पोहोचत नाहीत, ते कुणीतरी शेजारी उभं राहून रोज सांगावे लागतात.

आता आपल्याकडे मागणं. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कलम २२ मध्ये, एक तरतूद लिहिलेली होती. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा तेलपाणी करायची वेळ आली तर ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून, ते कपडे कारखान्याने द्यावेत आणि त्याचं नाव नोंदवहीत असावं. 'पुरुष' हा शब्द मला खुपतो, माझ्या आजच्या बॅचमध्ये पाच मुली आहेत. पण नावाची वही हवी, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. प्रत्येक हबमध्ये, प्रत्येक मशीनसाठी अशी वही सक्तीची करा. सगळ्या वर्कशॉपची मिळून एक नको. आमच्या व्हीएमसीवर शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर गेला की त्याची बटनं बदलतात, रेफरन्सला, म्हणजे मशीनच्या मूळ बिंदूवर, जायची पद्धत बदलते. त्याने तिथे पुन्हा दाखवून सही घ्यावी. आणि सही लेखी परीक्षेवर मिळू नये. टूल बसवणं, लांबी घेणं, झिरो घेणं, पहिला जॉब हळू चालवणं आणि मशीन रिकामं करून देणं, एवढं त्याने शिकवणाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने, तीन वेगवेगळ्या दिवशी, न सांगता करून दाखवावं.

दाराच्या लॉकला खोचलेली जीभ सापडली तर ते मशीन त्या दिवशी बंद, मग बॅच कितीही मोठी असो. हे संस्थेच्या प्रमुखाच्या नावाने लिहून ठेवावं. आणि थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंद मुलांनी घाबरल्याशिवाय करावी अशी सोय हवी. टूल मोडलं की पैसे भरून घ्यायचे, अशी पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. तिथली मुलं मोडलेला कटर खिशात घालून घरी नेतात आणि काय घडलं ते कुणालाच कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, निविदेत मशीनच्या किमतीबरोबर शिकवणाऱ्या माणसाचा पगार धरा. कंपनीच्या इंजिनिअरने मशीन बसवून दोन दिवसांत दिलेलं प्रशिक्षण पुरत नाही. एका मशीनपाशी एका वेळी चार मुलं आणि त्यांच्या शेजारी एक अनुभवी सेटर, एवढं प्रमाण ठेवता आलं तर चालेल. आमच्या एमआयडीसीत पन्नाशी ओलांडलेले कितीतरी सेटर आहेत, गुडघे दुखतात म्हणून आठ-आठ तासांच्या पाळ्या आता झेपत नाहीत. त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून त्यांना शिकवायला घेता येत नाही, असं मला संस्थांमधून सांगितलं जातं. ही अट आपण शिथिल करू शकाल असं मला वाटतं. त्यांच्या कानाला कटर बोथट झालेला पडद्यावर दिसण्याआधी कळतो.

हे आपल्या राज्यात अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं सगळ्यांसाठी खुलं वर्कशॉप, चालते, अमेरिकेबाहेरच्या पहिल्या काही लॅबपैकी एक. जगभरच्या फॅब लॅबचा जो जाहीरनामा आहे, त्यात वापरणाऱ्याच्या जबाबदाऱ्यांमध्ये पहिली जबाबदारी सुरक्षेची लिहिली आहे: माणसांना आणि मशीनना इजा करू नका. त्यानंतर साफसफाई आणि देखभाल, आणि मग आपण शिकलेलं दुसऱ्यासाठी लिहून ठेवणं. खेड्यातली मुलं हे पाळू शकतात, तर तालुक्याच्या हबमध्येही पाळता येईल.

आमच्या वहीचं एक पान सोबत जोडते आहे, मुलांची नावं झाकून. आजवर २६ सह्या झाल्या आहेत. अकरावी सही भुवईला टाके पडलेल्या त्याच मुलीची आहे. तिने सात महिन्यांनी परत यायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या दिवशी तिने तीन नंबरचं टूल काढून स्वतः मोजलं, आकडा मला दाखवला आणि मग पॅनेलवर टाकला. परवा पुन्हा मी तिला शिकवायला बोलावलं आहे, सकाळच्या बॅचसाठी. आपल्याला कधी कोल्हापूरला येणं झालं तर बॅच सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं अवश्य पाहायला या.

आपली नम्र,
एक मशिनिस्ट, कोल्हापूर