ताई, तू मला थांबवलंस म्हणून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुझी अट पाळते आहे. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे, त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात नांदेडच्या एका मुलीचा फोन आला. जानेवारीत अमेरिकेत आलेली, पहिलंच सत्र, आणि उन्हाळ्यासाठी वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं बोलावणं हातात. तिला सांगण्यात आलं होतं, एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येणार नाही. नकाराचा ईमेल लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा राहिला होता. मार्च २०२३ मध्ये ग्रंथालयाच्या तळघरात तू मला जे सांगितलंस, तेच मी तिला सांगितलं. फोन ठेवला आणि लक्षात आलं, तुझे आभार मी अजून धड मानलेलेच नाहीत.

त्या दिवशी मी कशी आले होते ते तुला आठवत असेल. विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीवरच उत्तर मिळालं होतं. सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी, हवी तर दोन सत्रं पूर्ण हवीत. ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाची, बहुतेक जण पदवीनंतर वापरतात ती परवानगी, तिलाही तीच अट. माझं एकच सत्र चालू होतं, तेव्हा विषय संपला. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रोज दहा जण तोच प्रश्न विचारतात, त्याला तेच उत्तर पाठ झालेलं. पण माझ्यासाठी ते पाणीपुरवठ्यातलं काम होतं, आणि मी लातूरची.

लातूरची म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगावं लागलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागलेली. आणि मग तुझ्या मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. ती बघायला मी वडिलांच्या मागे गाडीवर बसून गेले होते. पाण्याचं शिकायचं हे तिथेच ठरलं. तू मिरजेची आहेस हे कळल्यावर आई फोनवर म्हणाली, ‘मिरजेचं पाणी एकदा आलं होतं, आता मिरजेचं माणूस आलं.’ आईचं वाक्य आहे, तसंच तुझ्यापर्यंत पोचवते.

तळघरातल्या त्या टेबलावर तू लॅपटॉप उघडलास आणि नियमच समोर ठेवलास. कुणाचा ब्लॉग नाही, कुणाचा सल्ला नाही, थेट अमेरिकेच्या संघीय नियमावलीचं कलम २१४.२. त्यात एफ-१ म्हणजे विद्यार्थी-विसावर आलेल्यांच्या कामाचा भाग, आणि त्या भागात जेमतेम काही ओळींचा एक परिच्छेद: आंतरराष्ट्रीय संस्थेतली इंटर्नशिप. सीपीटी वेगळी, ओपीटी वेगळी आणि हे तिसरंच. ‘यात एक वर्षाची अट कुठे दिसते का बघ,’ म्हणालीस. मी तीनदा वाचलं. अट नव्हती. अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळालेच पाहिजेत, असंही नव्हतं.

मग तू १९४५ वर गेलीस. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने आंतरराष्ट्रीय संस्थांना विशेष दर्जा आणि सवलती देणारा कायदा केला. कोणत्या संस्थेला तो दर्जा मिळणार, हे राष्ट्राध्यक्ष आदेश काढून ठरवतात. संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन या संस्था त्या यादीत आहेत. पन्नास देशांत काम करणारी एखादी मोठी सेवाभावी संस्था मात्र त्या यादीत नसू शकते, मग तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असो नसो. हा फरक मला तोवर कुणीच सांगितला नव्हता. मला बोलावणाऱ्या संस्थेचं नाव तू यादीत शोधलंस, बोट ठेवलंस आणि म्हणालीस, ‘आहे. चल, आता कागद करू.’

हे सगळं तुला इतकं पाठ का, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढे तूच सांगितलंस, तेही सहज, चहा गाळता गाळता. २०१९ मध्ये तुलाही असंच बोलावणं आलं होतं आणि तुलाही तेच उत्तर मिळालं होतं. तू नकार कळवलास. हा परिच्छेद तुला आठ महिन्यांनी दिसला. त्यावर तू काही बोलली नाहीस, मलाही काय बोलावं ते सुचलं नाही. आज बोलते. स्वतःचं जे गेलं त्याची कडवट आठवण ठेवून गप्प बसणं सोपं होतं. तू त्या आठवणीतून एक फाइल तयार केलीस, आणि ज्याला गरज पडेल त्याच्यासमोर ती उघडत राहिलीस.

कागद करणं सोपं नव्हतं. संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडून आधी नुसतं नेमणुकीचं पत्र आलं: तारखा, मानधन, विभाग. तू म्हणालीस, हे चालणार नाही. प्रस्तावित काम संस्थेच्या प्रायोजकत्वाच्या कक्षेत येतं असं संस्थेनं लेखी प्रमाणित करायला हवं, आणि ते वाक्य पत्रात दिसायला हवं. ते मागणारा ईमेल तूच बसून लिहिलास. मी लिहिलेल्या मसुद्यात चार वेळा ‘सॉरी’ होतं. तू चारही खोडलीस. ‘तू उपकार मागत नाहीयेस, कागद मागतेयस.’

तोवर आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ देतं त्या विद्यार्थी-दर्जाच्या कागदावर, विद्यापीठाच्या सल्लागाराची शिफारस घेऊन झाली होती. ती अर्जाच्या आधीच्या तीस दिवसांतली लागते. संस्थेचं दुसरं पत्र यायला वेळ लागला आणि तीस दिवस सरत आले. शिळ्या सहीवर अर्ज गेला असता तर परत आला असता. परत जायची मला लाज वाटत होती, तू मला परत पाठवलंस. इथे त्या दुसऱ्या सल्लागार बाईंचेही आभार मानते. तू छापून दिलेला परिच्छेद त्यांनी शांतपणे वाचला, आपल्याकडचं पुस्तक उघडून ताडून पाहिला, ‘हे मी पहिल्यांदाच करते आहे’ असं मोकळेपणानं सांगितलं आणि त्याच दुपारी नवा आय-२० दिला. माहीत नाही हे कबूल करून लगेच शिकून घेणारी माणसं कचेऱ्यांत असतात, हे मी त्यांच्यामुळे बघितलं.

मग आय-७६५ हा कामाच्या परवानगीचा अर्ज, कागदावर. दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, पासपोर्टची आणि आय-९४ या अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची प्रत, ४१० डॉलरचा चेक. (एप्रिल २०२४ मध्ये कागदी अर्जाची ही फी ५२० झाली, म्हणून जुने आकडे बघून कुणी फी भरू नये.) कोणत्या प्रकारची परवानगी हवी, त्या वर्गाच्या रकान्यात मी ओपीटीचा वर्ग लिहिणार होते, कारण इंटरनेटवरच्या सगळ्या नमुन्यांत तोच दिसतो. तू माझा हात धरलास. आपला वर्ग (सी)(३)(डबल आय). एका अक्षराची चूक झाली असती तर मी न मागितलेल्या परवानगीचा अर्ज गेला असता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपण दोघी पोस्टात गेलो. पाकीट खिडकीतून आत सरकवण्याआधी तू त्याला नमस्कार केलास, हे मी बघितलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येते.

काम ५ जूनला सुरू व्हायचं होतं. मे संपला, कामाच्या परवानगीचं कार्ड नाही. त्याच वसंतात ओपीटीच्या अर्जांसाठी जादा १५०० डॉलर भरून तीस दिवसांत निकालाची सोय सुरू झाली होती. आपल्या वर्गाला ती नव्हती. रोज सकाळी उठून पावती क्रमांक टाकायचा आणि ‘अर्ज मिळाला आहे’ हेच वाक्य वाचायचं. ५ जून उजाडला. मला घेणाऱ्या गटातून एक प्रेमळ ईमेल आला: कार्ड येईलच, तोवर बैठकींना बसायला लाग, आकडेवारी बघायला घे, मानधनाचं नंतर बघू. मला इतका आनंद झाला की मी लगेच तुला फोन केला.

तू म्हणालीस, ‘नाही.’

मी म्हटलं, पैसे तर घेत नाहीये. तू म्हणालीस, जे काम एरवी मानधनावर करून घेतात, ते फुकट केलं तरी कामच धरलं जाऊ शकतं. मी म्हटलं, घरून लॅपटॉपवर करीन, कुणाला कळणार? त्यावर तू थोडा वेळ गप्प होतीस. मग तू फोनवरच दुसरा एक परिच्छेद वाचून दाखवलास. विद्यार्थ्याचा दर्जा गेला तर तो परत मिळवण्याचा एक मार्ग असतो. पण ज्यानं विनापरवाना काम केलं, त्याच्यासाठी तो मार्ग बंद. अभ्यासक्रमाचे तास कमी पडले, मुदतवाढीचा कागद राहून गेला, अशा चुका काही परिस्थितीत सावरून घेता येतात. ही सावरता येत नाही. ‘बारा आठवड्यांसाठी तू दोन वर्षं आणि तुझ्या बाबांचं घर पणाला लावतेयस,’ असं तू म्हणालीस. घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं, तुला माहीत होतं.

मी चिडले. तीन दिवस तुझा फोन उचलला नाही. तू स्वतः संधी गमावलीस म्हणून माझीही अडवतेयस, असं एका मैत्रिणीजवळ बोलले. ते तुझ्या कानावर गेलं की नाही, मला ठाऊक नाही. गेलं असेल तर आज सगळ्यांसमोर माफी मागते. गेलं नसेल तरी मागते. चौथ्या दिवशी तू दारात उभी, हातात घरून आलेल्या भडंगाचा डबा. झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. बसलीस आणि गटप्रमुखांना पाठवायचं उत्तर आपण मिळून लिहिलं: परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत मी कोणतंही काम करू शकत नाही, सुरुवातीची तारीख पुढे ढकलता येईल का?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ढकलता येईल. इतकं साधं होतं ते, आणि मला वाटत होतं की ‘थांबा’ म्हटलं तर जागाच जाईल. आपल्याकडून शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींना हेच वाटतं. समोरचा मोठा, आपण नवे, त्याला थांबायला कसं सांगायचं? संस्थेचा विसा-विभाग नियम जाणतो, पण ज्या गटात आपण काम करणार तिथली माणसं पाण्याची, आरोग्याची, अर्थशास्त्राची जाणकार असतात. विद्यार्थ्याच्या परवानगीचे बारकावे त्यांना ठाऊक असतीलच असं नाही. त्यांनी प्रेमानं दिलेली सवलत आपल्याला महागात पडू शकते, आणि किंमत आपल्यालाच मोजावी लागते, त्यांना नाही.

कार्ड जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पाकीट फोडायला मी तुझ्याकडे आले होते. १७ जुलैला फॅरागट वेस्ट स्टेशनवर उतरून मी पहिल्यांदा त्या इमारतीत गेले. बारा आठवड्यांचे सहाच उरले होते. त्या सहा आठवड्यांत मी छोट्या शहरांच्या नळयोजनांची आकडेवारी बघत होते: टाकीतून निघालेलं पाणी किती, बिलात आलेलं किती, मधलं कुठे जातं. एका तक्त्यावर काम करताना मला आमची गल्ली दिसायची, जिथे आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि तेव्हाही निम्मं पाणी रस्त्यावर वाहायचं. मी जे शिकायला आले होते ते मला तिथे मिळालं. आणि हा काळ ओपीटीतून वजा झाला नाही. पदवीनंतर माझे बाराच्या बारा महिने मला मिळाले.

नांदेडच्या त्या मुलीला मी तुझा ईमेलचा मसुदा पाठवला आहे, तुझं नाव काढून. संस्था यादीत आहे, तिनं स्वतः तपासलं. काल तिचा निरोप आला: कचेरीत दुसऱ्या सल्लागाराची वेळ घेतली आहे, परिच्छेद छापून नेणार आहे. मे संपत आला की मी तिला स्वतःहून फोन करणार आहे, तिच्या फोनची वाट बघणार नाही.

भडंगाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. डिसेंबरात तू मिरजेला असशील तर कळव. आई म्हणते, रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि तिला तुला बघायचंही आहे.

तुझी,
लातूरची