लडाखची घरे मुंबईच्या आराखड्यांवर नकोत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात मुंबईहून लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे. लेहच्या आसपास उभी राहिलेली काँक्रीटची हॉटेले आणि घरे पाहून ‘आता इकडेही सुधारणा झाली’ असे समाधान व्यक्त करणारे अनेकजण मला भेटतात. ज्याची सारी नोकरी मुंबईत काँक्रीटच्याच कामात गेली अशा माझ्यासारख्या स्थापत्य अभियंत्याला मात्र या बदलाची काळजी वाटते. त्यामागची कारणे तांत्रिक असली तरी ती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचायला हवीत, म्हणून हे पत्र.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यातील रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो, वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या घरात असतो आणि आकाश मात्र बहुतेक दिवस निरभ्र असते. म्हणजे थंडी कडाक्याची, पण ऊन भरपूर. लडाखमधील जुन्या घरांची सारी मांडणी या एका वस्तुस्थितीतून आलेली आहे. ही घरे दक्षिणेकडे तोंड करून बांधलेली असतात, कारण डिसेंबरात तेथे भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ३२ अंशच वर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत पोहोचते. उत्तरेची भिंत जवळजवळ बंद ठेवतात. तळमजल्यावर गुरे बांधतात आणि वरच्या मजल्यावर चुलीभोवतीच्या एका मोठ्या खोलीत सारे कुटुंब हिवाळा काढते. पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काड्या, ज्यांना तिथे ‘तालू’ म्हणतात, त्यांवर गवत किंवा झुडपांचा थर आणि सर्वांत वर मातीचा थर, असे छत असते. त्यावर हिवाळ्यासाठी रचलेला चाराही थंडी अडवतो. भिंती उन्हात वाळवलेल्या विटांच्या किंवा ठोकून बसवलेल्या मातीच्या असतात आणि त्यांची जाडी बहुधा दीड फुटाहून कमी नसते.

या जाडीचे महत्त्व आकड्यांत सांगतो. मातीच्या ४५ सेंटिमीटर भिंतीतून आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे अंदाजे १.३ वॅट उष्णता बाहेर जाते, तर भरीव सिमेंट ब्लॉकच्या २० सेंटिमीटर भिंतीसाठी हाच आकडा तीनच्या पुढे जातो. केंद्राने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेने, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, शीत प्रदेशातील घरांसाठी, छत वगळून पण खिडक्या धरून, या आकड्याची कमाल मर्यादा १.८ वॅट ठेवली आहे. याचा अर्थ असा की ज्या भिंतीला आपण मागासलेली समजतो ती आजच्या नियमाच्या आत बसते आणि उष्णतारोधक थराशिवाय उभारलेली ब्लॉकची भिंत त्यात बसत नाही. शिवाय मातीची जाड भिंत दिवसाची ऊब साठवून रात्री ती हळूहळू खोलीत सोडते. पातळ ब्लॉकच्या घरात ही उणीव रॉकेल, लाकूड किंवा कोळसा जाळणाऱ्या बुखारीने, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीने, भरून काढावी लागते, आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत बुखारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जिवावर बेतू शकतो. बांधकामाची अडचण वेगळीच. ओले काँक्रीट पुरेशी ताकद येण्याआधी गोठले, तर ती ताकद पुढे कधीच पूर्ण भरून येत नाही, आणि लडाखमध्ये न गोठणाऱ्या रात्री वर्षातून मोजक्याच महिन्यांत मिळतात.

मातीविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्रीचा आहे. लेहवर झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि मातीची असंख्य घरे वाहून गेली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्या रात्रीच्या दगड-चिखलाच्या लोंढ्यापुढे पक्क्या इमारतीही टिकल्या नाहीत, आणि मुख्य चूक नाल्यांच्या मुखाशी वस्ती वाढू देण्याची होती. पावसाचे प्रमाण बदलते आहे हे मान्य करून दगडाचे उंच जोते, छताला जलरोधक थर व पुढे आलेली कड आणि भिंतीत लाकडी किंवा काँक्रीटचे आडवे पट्टे या सुधारणा मातीच्या घरात करता येतात. भूकंपासाठी मातीच्या घरांना बळकटी कशी द्यावी याचे भारतीय मानक १९९३ पासून उपलब्ध आहे. काश्मीरमधील लाकडी चौकटीत विटा-दगड भरलेली ‘धज्जी देवारी’ पद्धतीची घरे ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात साध्या दगडी घरांपेक्षा खूपच चांगली टिकल्याचे अभियंत्यांनी नोंदवले आहे. हिमाचलातील ‘काठकुणी’ बांधणीतही दगड आणि देवदाराचे थर आलटून पालटून येतात, ते याच शहाणपणातून.

जुन्याला नव्याची जोड कशी द्यावी, याचे उत्तर लेहजवळच्या फे गावी उभे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेकमॉल या शैक्षणिक संस्थेने तेथील आपली मुख्य इमारत ठोकलेल्या मातीची बांधली, दक्षिणेला काच लावली आणि हिवाळ्यापुरते हरितगृह जोडले. कडाक्याच्या थंडीतही खोल्या गरम करण्यासाठी तेथे इंधन जाळावे लागत नाही. २०१६ मध्ये या इमारतीला फ्रान्समध्ये मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला.

मग सामान्य लडाखी कुटुंब ब्लॉककडे का वळते? मातीचे छत दरवर्षी लिंपावे लागते, त्यासाठी लागणारी घरातली तरुण माणसे नोकरीधंद्यासाठी बाहेर असतात आणि जाणते मिस्त्री कमी होत चालले आहेत. हे त्यांचे दुखणे खरे आहे आणि त्यांनी आपणा शहरवासीयांच्या हौसेसाठी जुन्या घरात राहावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणूनच मदत सरकारने करायची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात डोंगराळ प्रदेशासाठी घरामागे १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ग्रामीण विकास मंत्रालयाने देशाच्या वेगवेगळ्या भागांतील स्थानिक साहित्याच्या घरांचे आराखडे ‘पहल’ या संग्रहात प्रसिद्धही केले आहेत. शीत प्रदेशात अशा आराखड्यांना आणि संहितेची मर्यादा पाळणाऱ्या मातीच्या घरांना अनुदानात व बँकेच्या कर्जात प्राधान्य द्यावे, जलरोधक छताचा वाढीव खर्च द्यावा आणि मिस्त्रींच्या प्रशिक्षणासाठी वेतन ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

मुंबईकरांकडूनही दोन अपेक्षा आहेत. लेहमध्ये खोली घेताना मातीच्या घरातील निवासाची चौकशी आवर्जून करावी, कारण हॉटेलमालक आपल्या मागणीकडे पाहूनच इमारत बांधतो. आणि येथील वास्तुकला व स्थापत्य महाविद्यालयांनी मातीच्या बांधकामाचा विषय एखाद्या व्याख्यानात न उरकता विद्यार्थ्यांना लडाख किंवा हिमाचलातील किन्नौरमधील मिस्त्रींच्या हाताखाली किमान एक हंगाम पाठवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
मुलुंड (पूर्व), मुंबई